याचिका फेटाळली गेली, मग मुथम्मा जिंकल्या कशा?

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या एका मार्गदर्शक पुस्तकात ‘सी. बी. मुथम्मा यांनी १९७९ साली सर्वोच्च न्यायालयात भारत सरकारविरुद्धचा खटला जिंकला’ असे छापले आहे. मी मूळ निकाल वाचला, तर त्यात याचिका फेटाळल्याचे दिसले. यातले खरे काय समजायचे?
— एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : पुस्तकातले वाक्य ढोबळ आहे, पण निकालातली ‘फेटाळली’ एवढीच नोंद लक्षात ठेवली, तर तुमचा समज त्याहून चुकीचा होईल. हा निकाल मुळातून वाचलात हे चांगले केलेत. तो जेमतेम काही पानांचा आहे आणि त्यातले जवळजवळ प्रत्येक वाक्य सरकारला उद्देशून आहे.

आधी पार्श्वभूमी. चोनिरा बेळ्ळियप्पा मुथम्मा यांचा जन्म १९२४ साली कोडगूतल्या विराजपेट येथे झाला. वडील वन खात्यात अधिकारी होते. मुथम्मा नऊ वर्षांच्या असताना ते वारले आणि पुढे चारही मुलांना आईने शिकवले. मद्रासला इंग्रजी साहित्यात एम. ए. केल्यावर १९४८ साली केंद्रीय सेवांची परीक्षा उत्तीर्ण होणाऱ्या त्या पहिल्या महिला ठरल्या आणि १९४९ मध्ये परराष्ट्र सेवेत दाखल झाल्या. ही सेवा बाईमाणसाला मानवणारी नाही, असे सांगून मुलाखत मंडळाने त्यांचे मन वळवण्याचा प्रयत्न केला होता. त्या बधल्या नाहीत, तेव्हा लग्न केल्यास राजीनामा देईन, असे हमीपत्र त्यांच्याकडून लिहून घेण्यात आले. बरोबरीने रुजू झालेल्या कोणा पुरुषाला असे काही लिहून द्यावे लागले नाही.

ही हमी राज्यघटना लागू होण्याआधीची, म्हणून एक वेळ तिच्याकडे काणाडोळा करता येईल. पण पुढचे दोन नियम १९६१ सालचे आहेत, म्हणजे स्त्री-पुरुष असा भेद करण्यास मनाई करणारी घटना अमलात येऊन अकरा वर्षे झाल्यावरचे. वर्तणूक व शिस्तविषयक नियमांतील नियम ८(२) असे सांगत होता, की महिला अधिकाऱ्याने लग्नापूर्वी सरकारची लेखी परवानगी घ्यावी, आणि लग्नानंतर कौटुंबिक जबाबदाऱ्यांमुळे तिच्या कामात बाधा येण्याचा संभव आहे असे सरकारला वाटले, तर केव्हाही तिला राजीनामा देण्यास सांगता येईल. यातला ‘संभव’ नीट पाहावा. प्रत्यक्ष कामात कसूर झालीच पाहिजे अशी अट नव्हती. सरकारला तसे वाटणे पुरेसे होते. भरतीच्या नियमांतील नियम १८(४) तर दारातच आडवा येत होता : कोणत्याही विवाहित स्त्रीला या सेवेत हक्क म्हणून नेमणूक मागता येणार नाही.

मुथम्मा न्यायालयात गेल्या त्या मात्र लग्नाच्या परवानगीसाठी नव्हे. पॅरिस, रंगून, लंडन येथे काम करून १९७० मध्ये त्या हंगेरीत राजदूत झाल्या होत्या आणि पुढे घानामध्येही. एवढ्या अनुभवानंतर वरच्या श्रेणीतील बढतीच्या वेळी त्या गुणवत्तेत कमी पडतात असे ठरवण्यात आले आणि त्यांना कनिष्ठ असलेले अधिकारी पुढे गेले. बढती ठरवणाऱ्यांच्या मनात स्त्रियांविषयी मुळातच पूर्वग्रह आहे आणि वरील दोन नियम हा त्याच पूर्वग्रहाचा लेखी पुरावा आहे, अशी मांडणी त्यांनी केली. माझ्या मते या प्रकरणाचे सारे बळ या मांडणीत आहे. बढती समितीच्या मनात काय होते हे सिद्ध करणे कोणालाही अवघड जाते; राजपत्रात छापलेला नियम मात्र सरकारला नाकारता येत नाही.

याचिका प्रलंबित असताना सरकारने पवित्रा बदलला. काही महिन्यांपूर्वी अपात्र ठरलेल्या मुथम्मा आता पात्र ठरल्या, त्यांना बढती मिळाली आणि नेदरलँड्समध्ये हेग येथे राजदूत म्हणून त्यांची नेमणूक झाली. नियम १८(४) आपण १९७३ सालीच वगळला आहे आणि ८(२) वगळण्याची कार्यवाही चालू आहे, असेही न्यायालयाला सांगण्यात आले. अशा वेळी न्यायालयापुढे रद्द करण्याजोगे फारसे उरत नाही, आणि याचिका फेटाळली जाण्याचे कारण हेच आहे. मुथम्मांचे म्हणणे चूक ठरले म्हणून ती फेटाळली गेलेली नाही.

१७ सप्टेंबर १९७९ रोजी न्यायमूर्ती व्ही. आर. कृष्ण अय्यर आणि न्यायमूर्ती पी. एन. शिंघल यांच्या पीठाने हा निकाल दिला. घटनेतील समानतेचे अनुच्छेद १४ आणि १६ ही वस्तुस्थिती आहे की मिथक, असा प्रश्न या हकिकतीमुळे पडतो, अशी त्याची सुरुवातच आहे. लग्नामुळे बाई कामात कमी पडेल ही भीती असेल, तर तीच जोखीम पुरुष अधिकाऱ्याच्या लग्नातही असते, असा साधा पण बिनतोड मुद्दा न्यायालयाने मांडला. सर्व व्यवसायांत आणि सर्व परिस्थितींत स्त्री-पुरुष समानच असतात असा सरसकट सिद्धान्त आपण मांडत नाही, हेही न्यायालयाने नमूद केले. मात्र फरक करण्याची गरज दाखवून देता येत नसेल, तेथे समानतेचाच नियम चालला पाहिजे, असे बजावले. सेवाज्येष्ठतेबाबत सरकारचे सॉलिसिटर जनरल सोली सोराबजी यांनी फेरविचाराची तयारी दाखवली आणि न्यायालयाने तसा आदेश दिला. कोणी याचिका घेऊन येण्याची वाट न पाहता सर्वच सेवानियमांतून हा डाग काढून टाकावा, असेही सरकारला सुनावले. याचिका फेटाळत आहोत, प्रश्न नव्हे, अशा आशयाचे न्यायालयाचे शब्द या निकालात आहेत.

परीक्षेत लिहायचे झाल्यास ‘याचिका औपचारिकरीत्या फेटाळली गेली, परंतु सेवाज्येष्ठतेच्या फेरविचाराचा आदेश मिळाला आणि भेदभाव करणाऱ्या नियमांवर न्यायालयाने कठोर ताशेरे ओढले’ असे लिहावे.

प्रश्न : मुथम्मांना पहिल्या महिला राजदूत म्हणतात. मग विजयालक्ष्मी पंडित कोण होत्या?
— एक निवृत्त शिक्षक, नाशिक

उत्तर : आपला आक्षेप रास्त आहे. विजयालक्ष्मी पंडित १९४७ सालीच मॉस्कोत राजदूत होत्या. पण ती राजकीय नेमणूक होती. परीक्षा देऊन सेवेत आलेल्या आणि पायरी पायरीने चढत राजदूतपदी पोहोचलेल्या महिलांत मुथम्मा पहिल्या. ‘सेवेतील’ हा शब्द गाळून लिहिण्याची घाई वर्तमानपत्रे अनेकदा करतात.

याला जोडून मराठी वाचकांना जवळची वाटेल अशी एक गोष्ट. भरतीतली विवाहित स्त्रियांची अडचण दूर झाली त्याच १९७३ साली निरुपमा राव परराष्ट्र सेवेत आल्या. तेव्हाच्या मराठवाडा विद्यापीठातून त्यांनी इंग्रजीत एम. ए. केले होते. सनदी अधिकारी असलेल्या सुधाकर राव यांच्याशी त्यांचा विवाह झाला आणि २००९ साली त्या परराष्ट्र सचिव झाल्या. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मुथम्मा बंगळुरूत वारल्या.

प्रश्न : मुथम्मा स्वतः अविवाहित होत्या. मग विवाहाच्या नियमाशी त्यांचा संबंध काय? आणि या निकालाने सगळ्याच नोकऱ्यांतली अशी बंधने गेली का?
— एक वाचक, पुणे

उत्तर : त्या आजन्म अविवाहित राहिल्या हे खरे. त्यामागे हमीपत्र होते की स्वतःची आवड, याची चौकशी आपण करू नये. नियमाचा जाच मात्र अविवाहितेलाही होतोच, कारण ‘ही उद्या सोडून जाईल’ असे गृहीत धरणारी यंत्रणाच तिच्या नेमणुका आणि बढत्या ठरवत असते.

दुसऱ्या भागाचे उत्तर नाही असे आहे. अवघ्या दोन वर्षांनी, १९८१ मध्ये, नर्गेश मिर्झा आणि इतर हवाई सुंदरींचे एअर इंडियाविरुद्धचे प्रकरण सर्वोच्च न्यायालयापुढे आले. पहिल्या गरोदरपणाबरोबर नोकरी संपवण्याचा नियम न्यायालयाने भारतीय स्त्रीत्वाचा अपमान म्हणून रद्द केला. पण नोकरीच्या पहिल्या चार वर्षांत लग्न करू नये, ही अट मात्र वाजवी ठरवली. हवाई सुंदरी आणि विमानातील पुरुष कर्मचारी हे दोन वेगळे संवर्ग आहेत, त्यांच्या सेवाशर्तीही वेगळ्या आहेत, म्हणून त्यांची तुलना होऊ शकत नाही, असा युक्तिवाद तेथे मान्य झाला. मुथम्मांच्या बाबतीत स्त्री आणि पुरुष एकाच सेवेत, एकाच श्रेणीत होते, त्यामुळे सरकारला तसे म्हणण्याची सोय नव्हती. बायकांचा संवर्गच निराळा केला की समानतेचा दावा किती लंगडा पडतो, हे पाहायचे असेल, तर हे दोन्ही निकाल लागोपाठ वाचावेत.