चेहरा उजळ करायच्या आधी प्रिंट तपासा

तुमची पोस्ट वाचली आणि राहवलं नाही. सासवडच्या मुक्कामी काढलेला वारकरी आजोबांचा फोटो. त्यावर एक म्हणतो चेहरा काळा पडलाय, उजळ करा. दुसरा म्हणतो डोळ्यांत चमक नाही. तिसरा चेहऱ्यांसाठी ८५ मिमीची लेन्स घ्यायला सांगतो आणि बाकीचे नुसतं 'अप्रतिम' लिहून मोकळे. त्यात लॅबमधून आलेली प्रिंट स्क्रीनवरच्या फोटोपेक्षा निराळीच. या सगळ्यातून मी गेले आहे, म्हणून जरा सविस्तर लिहिते. अ‍ॅपर्चर, शटर, आयएसओ तुम्हाला येतंच, ते सोडते.

आधी हे सांगते, की तुमच्या फोटोत चेहरा काळा पडलेला नाही. आजोबा सावळे आहेत आणि फोटोत सावळेच दिसतायत. डाव्या गालफडावर आणि भुवईच्या हाडावर ढगाळ उजेडाची जी चकाकी आलीय, तीच त्या फोटोचा जीव आहे. गडद कातडीवर चेहऱ्याची ठेवण या चकाकीवरून कळते. एडिटिंगमध्ये सावल्या उजळ करणारी शॅडोची पट्टी ओढून चेहरा वर काढला, की चकाकी आणि बाकीची कातडी यांतला फरकच उरत नाही, सुरकुत्या विरतात, आणि रंगात राखाडी झाक येते. आजोबांचं वय त्या सुरकुत्यांत आहे. ते पुसून मिळवायचं काय?

आता माझं सांगते. वारीतल्या चेहऱ्यांचं एक छोटं प्रदर्शन आम्ही काही जणांनी मिळून ठरवलं होतं. माझे फोटो एका लॅबकडे १२ बाय १८ इंचाच्या प्रिंटसाठी दिले. नाव घेत नाही, घेऊन उपयोगही नाही. करेक्शन करू नका, हे तोंडी सांगितलं होतं आणि पाकिटावर लिहूनही दिलं होतं. प्रिंट आल्या त्या सरसकट दोन छटा गोऱ्या. कपाळावरचा काळाभोर बुक्का करडा झालेला, गोपीचंदनाचा टिळा आजूबाजूच्या कातडीत मिसळून गेलेला, पांढऱ्या टोप्यांवरची शिवण गायब. काउंटरवर विचारलं तर उत्तर मिळालं, "मॅडम, लोकांना असंच आवडतं." मी हटून बसले, तेव्हा "तुमच्या मॉनिटरचा प्रॉब्लेम असेल" असं सांगून पाकीट माझ्याकडे सरकवलं. परत छापून देणार नाही, पैसे परत नाहीत, आणि साहेब कधी भेटतील तेही सांगणार नाहीत. प्रदर्शन तोंडावर होतं, त्यामुळे त्याच प्रिंट लागल्या.

पैशांचं दुःख नंतर ओसरलं. खरं नुकसान पुढे झालं. ग्रुपमधल्या जाणत्या मंडळींनी त्या प्रिंट बघून मनापासून अभिप्राय दिले: प्रकाश सपाट आहे, चेहऱ्यांना खोली नाही, पुढच्या वर्षी फ्लॅश वापर. त्यांच्या समोर जे होतं त्यावर ते बरोबरच बोलत होते. पण ते माझ्या फोटोंवर बोलत नव्हते, लॅबच्या करामतीवर बोलत होते. पुढची आख्खी वारी त्या सल्ल्यावर समोरून फ्लॅश मारण्यात गेली. वारी वर्षातून एकदा येते. त्या वर्षी भेटलेले काही वृद्ध नंतर पुन्हा दिसले नाहीत, आणि त्यांचे माझ्याकडचे फोटो तेवढेच, फ्लॅशने चपटे केलेले. आजही ते फोल्डर उघडवत नाही.

आणि एक प्रसंग. प्रदर्शनातली एक प्रिंट तिच्यातल्या आजोबांच्या घरी नेऊन दाखवली. सुनेने ती दारात उजेडाला धरली, थोडा वेळ बघितली आणि विचारलं, "तेव्हा आजारी होते का हो?" इतके लोक प्रदर्शन बघून गेले, पण नेमका दोष या एकाच वाक्यात सापडला. घरी येऊन तीच फाइल दुसऱ्या लॅबमधून काढून घेतली आणि दोन्ही प्रिंट खिडकीपाशी शेजारी ठेवल्या, तेव्हा सगळा उलगडा झाला.

हे काही एका लॅबचं खूळ नाही, त्याची मुळं जुनी आहेत. कलर प्रिंटिंगच्या काळात कोडॅककडून लॅबना नमुन्याचं कार्ड जायचं, त्याला शर्ली कार्ड म्हणायचे. त्यावर गोऱ्या वर्णाची बाई असायची आणि तिची कातडी नीट दिसली की मशीन जुळलं असं धरायचे. गडद वर्णाच्या माणसांचं काय होतं, याची दखल फार उशिरा घेतली गेली. १९७०च्या सुमारास फर्निचर आणि चॉकलेटवाल्या कंपन्यांनी आपल्या मालाच्या तपकिरी छटा फोटोत नीट येत नाहीत म्हणून तक्रारी केल्या, तेव्हा कुठे हालचाल झाली, असं या विषयाचा अभ्यास करणाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. वेगवेगळ्या वर्णांच्या स्त्रिया असलेली कार्डं १९९०च्या दशकात आली. आज कार्ड गेलं, पण 'चेहरा उजळ म्हणजे फोटो चांगला' ही सवय लॅबवाल्यांच्या आणि आपल्याही डोळ्यांत शिल्लक आहे. याची मला मनापासून चीड येते. छायाचित्रकार सुधारक ओलवे यांनी काढलेले मुंबईतल्या सफाई कामगारांचे कृष्णधवल फोटो शांतपणे बघा. काळे भाग तिथे बिनधास्त काळे आहेत आणि माणूस कुठेही हरवत नाही.

आता अभिप्रायाबद्दल. हे माझं मत आहे, लग्नाच्या आणि जाहिरातीच्या कामात असलेल्यांना पटेलच असं नाही, तिथे गिऱ्हाइकाला काय हवं ते बघावं लागतं. पण अशा फोटोंसाठी 'कसा वाटला?' असं विचारणं बंद करा. त्यावर तुम्हाला मिळाली तशीच उत्तरं मिळतात. एकच नेमकी गोष्ट विचारा. 'नजर आधी कुठे गेली?' किंवा 'हा हात फ्रेममध्ये हवा होता का?' त्याहून उपयोगी म्हणजे एक निवडलेला फोटो न दाखवता त्याच माणसाच्या सलग काढलेल्या सगळ्या फ्रेम दाखवा आणि यातला कुठला ठेवाल ते विचारा. सोबतच्या फोटोग्राफरचा खरा उपयोग निवडीत होतो. आपण काढलेल्या फोटोत आपल्याला त्या वेळच्या गप्पा आठवत असतात, त्याला फक्त फोटो दिसतो. आणि 'उजळ करा' असं कोणी म्हटलं तर का, ते विचारा. कारण सांगता आलं तर ऐका, नाहीतर सोडून द्या.

फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवायचा झाला तर डॉक्युमेंट म्हणून पाठवा, नाहीतर तो दाबला जातो आणि सावल्यांतले बारकावे आधी जातात. समोरच्याच्या फोनवर स्क्रीन पिवळसर करणारा नाइट मोड चालू असेल तर कातडीचा रंग पिवळट दिसणार, हेही लक्षात असू द्या. माणूस फोटोग्राफर नसला तरी चालेल, पण फोटोतल्या माणसाला ओळखणारा एक तरी अभिप्राय घ्याच.

लॅबचं तपासायचं असेल तर मोठी प्रिंट लगेच देऊ नका. तीच फाइल एसआरजीबीमध्ये (बहुतेक स्क्रीन आणि लॅब धरून चालतात ती रंगांची पद्धत) जेपेग करून ४ बाय ६ इंचामध्ये दोन वेगळ्या लॅबमधून काढून घ्या. अ‍ॅडोबी आरजीबी या दुसऱ्या रंगपद्धतीत दिली तर बऱ्याच ठिकाणी रंग मेल्यासारखे येतात आणि मग दोष कोणाचा ते कळत नाही. फाइलच्या नावातच 'नो करेक्शन' टाका, कारण पाकिटावरचं मशीनवर बसलेला मुलगा वाचेलच असं नाही. प्रिंट ट्यूबलाइटखाली बघू नका, दिवसा खिडकीपाशी न्या. तुमच्या प्रिंटमध्ये बुक्का काळा आहे का आणि टोपीची शिवण दिसते का, एवढं बघितलंत तरी निम्मा निकाल लागेल.

फोटो काढतानाच्या दोन गोष्टी. पांढरं धोतर, पांढरी बंडी, पांढरी टोपी फ्रेमभर असली की कॅमेऱ्यातलं उजेड मोजणारं मीटर त्या पांढऱ्याला भुलतं आणि सगळंच गडद काढतं. उलट गालावर स्पॉट मीटर लावलं, म्हणजे फक्त तेवढ्या जागेचा उजेड मोजला, तर ते सावळ्या गालाला मधल्या करड्यावर आणायला बघतं, म्हणजे चेहरा गरजेपेक्षा उजळ आणि टोपी जळालेली, नुसती कोरी पांढरी. मी गालावर मोजून साधारण पाऊण ते एक स्टॉप कमी ठेवते (एक स्टॉप कमी म्हणजे उजेड निम्मा), रॉ मध्ये, म्हणजे कॅमेऱ्याच्या कच्च्या फाइलमध्ये काढते आणि टोपीवर हायलाइटची, म्हणजे जळालेल्या भागाची, सूचना लुकलुकत नाही ना ते बघते. वर्णाप्रमाणे आकडा बदलेल, डोळे झाकून उचलू नका. डोळ्यांत चमक हवी असेल तर फ्लॅश नको. माणसाला तंबूच्या किंवा ओसरीच्या कडेला, तोंड मोकळ्या आभाळाकडे करून बसवा. शेजारी कोणाचं पांढरं उपरणं वाळत असेल तर त्याचाही उजेड चेहऱ्यावर येतो.

विचारून फोटो काढला असेलच. पण दिंडीचा नंबर, रथापुढची की रथामागची, तेवढं जरूर लिहून ठेवा. नाव-गाव विसरलं तरी पुढच्या वर्षी त्या नंबरावरून माणूस सापडतो आणि प्रिंट हातात देता येते.

राहिली ८५ची लेन्स. तुमचा कॅमेरा क्रॉप सेन्सरचा, म्हणजे लहान सेन्सरचा आहे, त्यावर ५०ची लेन्स ७५-८०सारखीच वागते. नाक मोठं दिसणं किंवा न दिसणं हे लेन्सपेक्षा तुम्ही किती जवळ गेलात त्यावर आहे. दीड-दोन मीटरवर थांबा, झालं. ते पैसे चांगल्या प्रिंटला ठेवा. आणि दोन्ही लॅबच्या प्रिंट आल्या की त्या शेजारी ठेवून, खिडकीच्या उजेडात एकाच फ्रेममध्ये फोटो काढून इथे टाका. सोबत मूळ फाइलही द्या, म्हणजे बोलता येईल.