क्ष-किरण कॅमेऱ्याविषयी तुमचे प्रश्न: गेन, लोह-५५ आणि शेवटच्या क्षणाची घाई

ॲस्ट्रोसॅट या भारताच्या अवकाश वेधशाळेचा डेटा आता कुणालाही उतरवून घेता येतो, ही फार चांगली गोष्ट. त्यासोबत पत्रंही येतात, आणि बहुतेकांत घोळ एकच असतो: त्यावरच्या सॉफ्ट एक्स-रे टेलिस्कोपचा, म्हणजे एसएक्सटीचा, कॅमेरा सांगतो ती ऊर्जा कितपत खरी मानायची? तेव्हा निवडक पत्रांना इथेच उत्तरं देतो.

एसएक्सटीचा सीसीडी (कॅमेऱ्यातली क्ष-किरण टिपणारी सिलिकॉनची चिप) उणे ८० अंशांच्या आसपास कशासाठी ठेवतात?

सिलिकॉनमध्ये नुसत्या उष्णतेने सुटणारे इलेक्ट्रॉन फोटॉनच्या खऱ्या संकेतात मिसळू नयेत म्हणून.

एका व्हिडिओत ऐकलं की कॅमेऱ्यातला लोह-५५ स्रोत संपत आलाय, त्यामुळे अलीकडचा सगळा डेटा निकामी. खरं आहे का?

अर्धवट ऐकलंत. सीसीडीच्या चार कोपऱ्यांवर लोह-५५चे, म्हणजे किरणोत्सारी लोहाचे, छोटे स्रोत सतत प्रकाश टाकतात. त्यातून मँगनीजची ५.९ केईव्हीची (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, फोटॉनच्या ऊर्जेचं एकक) रेषा मिळते आणि तिच्यावरून कॅमेऱ्याची ऊर्जेची मोजपट्टी कुठे सरकतेय ते कळतं. लोह-५५चं अर्धायुष्य सुमारे २.७ वर्षं. सप्टेंबर २०१५च्या उड्डाणाच्या वेळची तीव्रता दहा वर्षांत बाराव्या हिश्शाच्याही खाली जाणार, हे कॅमेरा बांधणाऱ्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. रेषा मंदावली तर जास्त काळाचा डेटा एकत्र करायचा. दुर्बीण कुठेही रोखलेली असली तरी कोपरे उजळतच असतात. शिवाय टायकोसारख्या अतिनवताऱ्याच्या अवशेषातल्या सिलिकॉन, गंधकाच्या रेषा आहेतच. त्या महत्त्वाच्याही आहेत, कारण कोपरा मधल्या पिक्सेलबद्दल बोलत नाही आणि ५.९ केईव्हीची रेषा १ केईव्हीबद्दल. व्हिडिओवाल्याने यातलं काही सांगितलं नसावं. तुमचं निरीक्षण कोणत्या तारखेचं आहे ते कळवून पेलोड टीमला, म्हणजे एसएक्सटी सांभाळणाऱ्यांना, विचारा.

गेन ऑफसेट मोकळा सोडला की काय-स्क्वेअर (मॉडेल आणि डेटातली तफावत) झकास उतरतो. ऑफसेट १२० ईव्ही आला. पेपरमध्ये तसाच देऊ ना?

नाही. आणि हा प्रश्न इतक्या जणांनी विचारलाय की आता जरा सविस्तरच सांगतो.

कॅमेरा ऊर्जा मोजत नाही, इलेक्ट्रॉन मोजतो. त्यावरून ऊर्जा काढायचं गणित म्हणजे गेन: त्यात एक उतार (गुणायचा आकडा) आणि एक ऑफसेट (मिळवायचा आकडा). ५.९ केईव्हीचा एक फोटॉन सिलिकॉनमध्ये साधारण १६०० इलेक्ट्रॉन सोडतो. ही पुंजी एकेका ओळीने सरकत वाचनाच्या टोकाला जाते, ओळी ६००. प्रोटॉनच्या माऱ्याने स्फटिकात खड्डे पडतात आणि वाटेत इलेक्ट्रॉन त्यांत अडकतात. समजा, दर सरकण्यात लाखात एक गळाला. ६०० ओळींनंतर १६०० पैकी दहा कमी भरतात. झाली रेषा सुमारे ३५ ईव्हीने खाली! डॉप्लरच्या भाषेत, म्हणजे रेषेच्या सरकण्यावरून वेग काढला तर, हे सेकंदाला १८०० किलोमीटर. एवढ्या भांडवलावर लोक कृष्णविवराभोवती वादळं उठवतात.

आता लक्षात घ्या, ही गळती प्रमाणात होते, म्हणजे ती उतारात दिसते. ऑफसेट मात्र सगळीकडे सारखाच सरकवतो. ३० ईव्ही म्हणजे ६ केईव्हीला अर्धा टक्का, पण ०.५ केईव्हीला सहा टक्के. दोन वेगळ्या दुखण्यांना एकच गोळी दिल्यासारखं होतं हे. एसएक्सटीच्या विश्लेषणात उतार १ धरून २०-३० ईव्हीचा ऑफसेट घेण्याची पद्धत आहे, ती योग्यच आहे. १२० मात्र कॅमेऱ्याचा नव्हे. तुमच्या मॉडेलमध्ये जे बसत नव्हतं ते सगळं तुम्ही त्या एका आकड्यात कोंबलंत, आणि काय-स्क्वेअर बिचारा खूश झाला.

काय तपासाल? इव्हेंट फाईल (फोटॉनांची नोंद) जुन्या पाइपलाइनची, म्हणजे डेटावर प्रक्रिया करणाऱ्या जुन्या सॉफ्टवेअरची, तर नाही ना? ऑक्सिजनच्या कडेजवळ, ०.५४ केईव्हीला, शोषण नीट घेतलंय का? १.८ आणि २.२ केईव्हीजवळ सिलिकॉन आणि सोन्याच्या कडा असतात; तिथले उरलेले चढउतार ताऱ्याचे नव्हेत. आणि सगळ्यात सोपं: त्याच निरीक्षणातल्या चार कोपऱ्यांचा स्पेक्ट्रम काढा. रेषा ५.९च्या जवळपास असली, तर कॅमेऱ्याकडे बोट दाखवू नका. हे फोटॉन काउंटिंग मोडमध्येच, म्हणजे पूर्ण चिप वाचली जाते तेव्हाच, जमेल. फास्ट विंडोमध्ये मधले १५० गुणिले १५० पिक्सेलच वाचले जातात, कोपरे येतच नाहीत. एवढं करूनही आकडा तसाच राहिला, तर छापण्याआधी पेलोड टीमशी बोला. माझ्या उत्तरावर विसंबून छापू नका.

एका ऑनलाइन कोर्समध्ये 'सर्व स्रोतांना चालणारी' एआरएफ फाईल (कोणत्या ऊर्जेला दुर्बीण किती क्षेत्रफळाची ठरते ते सांगणारी) फीसोबत मिळते. घ्यावी का?

पैसे वाचवा. अशी एकच फाईल असूच शकत नाही. किती त्रिज्येचं वर्तुळ घेतलंत, स्रोत अक्षापासून किती दूर होता, मधला भाग वगळलात का, यावर दुर्बिणीचं परिणामकारक क्षेत्रफळ ठरतं. मूळ फाइली आणि त्या दुरुस्त करायची साधनं मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआर) पेलोड केंद्राकडून फुकट मिळतात. तीच घेऊन आपले हात काळे करा. अडलात तर पुण्याच्या आयुका या खगोल संस्थेतल्या ॲस्ट्रोसॅट साहाय्य कक्षाला लिहा.

नासाच्या चंद्रा या अवकाश दुर्बिणीचा कॅमेरा प्रखर क्ष-किरणांनी जळाला होता म्हणे?

क्ष-किरणांनी नव्हे, प्रोटॉननी, आणि जळालाही नव्हता. १९९९ मध्ये उड्डाणानंतर लगेच, प्रारण पट्ट्यांतून जाताना कमी ऊर्जेचे प्रोटॉन आरशांवरून घसरत थेट सीसीडीवर पोचले. समोरून प्रकाश घेणाऱ्या चिपांची विभेदनक्षमता घसरली. तेव्हापासून पट्ट्यांतून जाताना कॅमेरा केंद्रस्थानावरून बाजूला नेतात. पुढच्या वेळी सांगणाऱ्याला वर्ष विचारा.

क्रॅब नेब्युला (अतिनवताऱ्याचा तेजस्वी अवशेष) वापरून घरच्या घरी कॅलिब्रेशन करता येईल का?

सरावासाठी करा, निष्कर्षासाठी नको. २००८ ते २०१० दरम्यान १५ ते ५० केईव्ही पट्ट्यात क्रॅब सुमारे सात टक्के मंदावला होता, म्हणजे मापदंडही डोळे मिटून घ्यायचा नाही. शिवाय फोटॉन काउंटिंगमध्ये एक चौकट सुमारे २.४ सेकंदांची असते. इतक्या तेजस्वी स्रोताचे १ केईव्हीचे दोन फोटॉन एकाच पिक्सेलमध्ये पडले की कॅमेरा २ केईव्हीचा एकच नोंदवतो. मोड आणि ही सरमिसळ (पाइल-अप) आधी मार्गदर्शकांसोबत बघा.

सोमवारी प्रबंध द्यायचा आहे. डेटा मार्चपासून पडून होता, काल उघडला. नवा रिस्पॉन्स (कॅमेरा कोणती ऊर्जा कशी नोंदवतो ते सांगणारी फाईल) वापरून सगळं पुन्हा करायला हवं का?

हो. आजच मार्गदर्शकांना फोन करून मुदतवाढ मागा.