कुरव आणि खेकडा: सुरुवात कशी करावी

कुरव (म्हणजे सीगल, समुद्रपक्षी) आणि खेकडा या दोघांची किनाऱ्यावर निरीक्षण करून तुलना करायची तुझी कल्पना मला फार आवडली. पण आधी घड्याळ नाही, भरती-ओहोटीचं वेळापत्रक बघ. ओहोटी रोज साधारण 50 मिनिटं पुढे सरकते. काल सकाळी सातला चिखल उघडा होता म्हणून आज सातला गेलास तर अर्धवट पाणीच दिसेल.

सुरुवातीला एकच प्रश्न घे: खाऱ्या पाण्याशी दोघं कसं जुळवून घेतात? कुरवाच्या डोळ्यांच्या वरच्या बाजूला मीठ बाहेर टाकणाऱ्या ग्रंथी असतात, जादा मीठ चोचीवरून थेंबाथेंबाने गळतं. खेकडा कल्ल्यांनी श्वास घेतो, ते ओले राहिलेच पाहिजेत. मुंबईत शिवडीच्या चिखलात दहा मिनिटं अजिबात न हलता बस. बिळातून आधी देठावरचे डोळे वर येतात, मग फिडलर खेकड्याचा नर आपली एकच अवाढव्य नांगी हलवून मादीला बोलावतो. मी अजूनही हे बघायला जातो.

नवखे हमखास चुकतात ते इथे:

- हिवाळ्यात तपकिरी डोक्याचा कुरव शोधतात. तेव्हा डोकं पांढरं असतं, डोळ्यामागे फक्त गडद ठिपका.
- गेटवेच्या लाँचवरून कुरवांना गाठ्या, वेफर्स टाकतात. कृपया नको.
- कार्टर रोडच्या खडकांत दगड उलटा करून तसाच सोडतात. खालचे जीव उन्हात मरतात. होता तसा ठेव.

कात टाकलेला मऊ खेकडा दिसला तर हात लावू नकोस, कवच कडक व्हायचं असतं.

जाती ओळखणं पुढच्या हिवाळ्यात. आत्ता वही, पेन्सिल आणि जुनी दुर्बीण पुरे.