ग्रॅम-किलोग्रॅमची गणितं येतात, पण वजनाचा अंदाज येत नाही. काय करावं?

तिसरीतली मुलगी ‘३ किलोग्रॅम म्हणजे ३००० ग्रॅम’ घडाघडा सांगते, पण हातातलं पुस्तक ३० ग्रॅमचं की ३०० ग्रॅमचं हे तिला कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. थोडे दिवस रूपांतराची गणितं बाजूला ठेवा. हाताला ग्रॅम ठाऊक नसेल, तर हजाराने गुणणं म्हणजे नुसती शून्यं लावणं.

आधी तराजू, डिजिटल काटा नंतर. काटा आकडा आयता देतो, पण पारडं का झुकलं हे त्यात दिसत नाही. कपड्यांचा हँगर दोऱ्याने टांगा आणि दोन्ही टोकांना सारख्या लांबीच्या दोऱ्यांनी दोन सारखे कागदी कप बांधा. दोऱ्या घसरू नयेत म्हणून टोकांना चिकटपट्टी लावा. रिकामे कप समपातळीत नसतील, तर वर राहिलेल्या बाजूला क्लेची छोटी गोळी चिकटवा.

वजनं मुलीलाच करू द्या, सगळी गंमत त्यातच आहे. १ मिलिलिटर पाण्याचं वजन जवळपास १ ग्रॅम असतं. बिनसुईच्या १० मिलिलिटरच्या सिरिंजने एका कपात १०० मिलिलिटर पाणी घाला. दुसऱ्या कपात छोटी पिशवी ठेवून तिच्यात कोरडी वाळू भरत जा. दांडी आडवी झाली की पिशवीसकट ते १०० ग्रॅम. मग पाणी आणि पिशवी यांची अदलाबदल करून पाहा. आता तोल गेला, तर दांडीच्या दोन बाजूंची लांबी सारखी नाही. दोरा किंचित सरकवा आणि पुन्हा मोजा. अशाच ५०, २०, २० आणि १० ग्रॅमच्या पिशव्या झाल्या, की दहाच्या टप्प्याने २०० ग्रॅमपर्यंत काहीही तोलता येतं. तोलताना सुरुवात सर्वांत मोठ्या वजनापासून करावी: जास्त झालं तर ते काढून त्याच्या खालचं ठेवायचं.

प्रत्येक वेळी आधी अंदाज लिहून घ्या, मगच तोला. ‘मोठं म्हणजे जड’ ही समजूत इथेच सुटते. २०० ग्रॅमचा मोठा खोका आणि २०० ग्रॅमची छोटी पिशवी हातात दिलीत, तर बहुतेकांना छोटीच जड वाटते, मोठ्या माणसांनाही! तराजू मात्र दोन्ही सारखी दाखवतो. हात फसतो म्हणून मोजायचं, हे तिला स्वतःला दिसू द्या.

खुणेसाठी कागद उत्तम. ८० जीएसएमचा कागद म्हणजे चौरस मीटरला ८० ग्रॅम. ए-४ आकाराचे १६ कागद मिळून एक चौरस मीटर होतो, म्हणून एक कागद ५ ग्रॅमचा आणि २०० कागद १ किलोग्रॅमचे.

डिजिटल काटा आणाल तेव्हा तो कडक, सपाट जागी ठेवा. गादीवर किंवा सतरंजीवर आकडा चुकतो. भांडं ठेवून ‘टेअर’ दाबलं की आकडा शून्य होतो. काटा १ ग्रॅमच्या टप्प्याने दाखवत असेल, तर एक टाचणी ठेवून काहीच कळणार नाही. १०० टाचण्या तोला आणि १०० ने भागा.

लिहिताना हमखास होणारी चूक: २ किलोग्रॅम ५० ग्रॅम म्हणजे २.५. खरं उत्तर २.०५०. दशांशचिन्हापुढे ग्रॅमसाठी तीन घरं आखून द्या आणि रिकाम्या घरात शून्य भरायला सांगा.

‘वस्तुमान’ आणि ‘वजन’ यांतला फरक ताणकाटा (स्प्रिंगचा काटा) हाती येईल तेव्हा समजावा. तिसरीत ‘वजन’ म्हटलं तरी काही बिघडत नाही.