विझत्या शेकोटीचं चित्र कोणी काढलं?

प्रश्न : इतिहासाच्या एका पुस्तकात नेपोलियनच्या रशिया मोहिमेचं चित्र पाहिलं. बर्फ, विझत आलेली शेकोटी, भोवती गुडघे पोटाशी घेऊन बसलेले सैनिक. त्यातले काही बसल्या जागीच गेलेले. खाली फक्त ‘एका जर्मन अधिकाऱ्याने प्रत्यक्ष जागेवर काढलेले, ७ नोव्हेंबर १८१२’ एवढंच छापलंय. हा अधिकारी कोण? जर्मन माणूस नेपोलियनच्या फौजेत कसा? आणि इतक्या थंडीत रंगांचं पाणी गोठलं नाही का? खरंच जागेवर बसून काढलं असेल का?

उत्तर : तीस वर्षं शाळेत चित्रकला शिकवली, त्यामुळे तुमचा रंगांच्या पाण्याचा प्रश्न मला फार आवडला. त्याकडे येतोच, पण आधी माणूस.

तो ख्रिस्टियान विल्हेल्म फॉन फाबेर द्यू फोर. जन्म १७८० चा, स्टुटगार्टचा. शिक्षण कायद्याचं. १८०९ मध्ये, तिशीच्या उंबरठ्यावर, तो सैन्यात शिरला आणि १८१२ मध्ये व्युर्टेम्बर्गच्या तोफखान्यात लेफ्टनंट होता. तेव्हा ‘जर्मनी’ नावाचा एक देश नव्हता, अनेक लहानमोठी राज्यं होती. त्यातली बरीच १८०६ पासून नेपोलियनच्या छत्राखालच्या ऱ्हाइन संघात सामील होती. व्युर्टेम्बर्गच्या राजाला ‘राजा’ हा किताब नेपोलियनच्याच मेहेरबानीने मिळाला होता, आणि त्याची किंमत सैनिकांच्या रूपात चुकवावी लागली. रशियाच्या मोहिमेसाठी त्या लहानशा राज्याने पंधरा हजारांवर माणसं दिली. परत आली ती काहीशे. फाबेर द्यू फोर त्या काहीशेंपैकी.

व्युर्टेम्बर्गची ही तुकडी नेपोलियनचा सेनापती मार्शल ‘ने’ (Ney) याच्या कोअरमध्ये, म्हणजे फौजेच्या एका मोठ्या विभागात, होती. जूनच्या अखेरीस फौजेने रशियाच्या सरहद्दीवरची नीमेन नदी ओलांडली, तिथपासून त्याची चित्रं सुरू होतात. पुष्कळांची समजूत असते की ती फौज बर्फाने मारली. त्याची सुरुवातीची पानं उलटली की ही समजूत राहत नाही. तिथे जूनअखेरचा मुसळधार पाऊस आहे, चिखल आहे, मेलेले घोडे आहेत, अन्न शोधत रानोमाळ भटकणारे शिपाई आहेत. पहिली मोठी लढाई व्हायच्या आतच व्युर्टेम्बर्गची माणसं भूक, हगवण आणि उन्हातल्या चालीने कोसळत होती. ७ सप्टेंबरला मॉस्कोच्या अलीकडे बोरोदिनोच्या रणांगणावर त्यांचं पायदळ तीन बटालियनांत कोंबण्याइतकंच उरलं होतं. त्याच पायदळाने धरून ठेवलेल्या मातीच्या बुरुजात नेपोलियनचा मेहुणा म्युरा जीव वाचवायला धावत आला, तेही चित्र फाबेर द्यू फोरने काढलं आहे.

आता थंडी आणि रंग. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात हिमवादळ सुरू झालं. पारा गोठणबिंदूच्या खूप खाली असताना जलरंगाचा कुंचला कागदाला लागेपर्यंत त्याचं टोक कडक होतं. शाईचंही तेच. पेन्सिल मात्र थंडीला दाद देत नाही. बोटं हलली की झालं. म्हणून असं समजा : जागेवर झालं ते रेखाटन, म्हणजे आकृत्या, जागा, तारीख आणि कधी कधी घड्याळाची वेळसुद्धा. रंगलेली, नेटकी चित्रं सावकाश, मागाहून झाली. ती छापून आली आणखी पुढे, १८३१ पासून, स्टुटगार्टमध्ये हप्त्याहप्त्याने, शिळामुद्रणाने. चित्रं शंभराच्या घरात. सोबतचा बराचसा मजकूर फॉन काउसलर नावाच्या लष्करी अधिकाऱ्याने सांभाळला. मोहीम आणि छपाई यांच्यात जवळजवळ वीस वर्षं गेली, तरी ‘जागेवर’ या शब्दात मला खोट दिसत नाही. मुलांना मी हेच सांगायचो, की ज्याने पाहून रेष मारली आहे त्याला नंतर रंग भरताना आठवण दगा देत नाही.

याचा पुरावा तुमच्याच चित्रात आहे. ही जागा मिकालेव्का, स्मोलेन्स्कच्या वाटेवरचा मुक्काम. भिंग घेऊन बसा. बर्फ बघा. तो बव्हंशी रंगवलेला नाहीच, कागद कोरा सोडून दिलाय. नवशिका चित्रकार इथे निळ्या-पांढऱ्या छटांचे थर देत बसला असता. मग गाड्यांची चाकं शोधा. त्याच्या चित्रांत माणसाचा चेहरा कधी घाईने उरकलेला असतो, पण चाकाच्या आऱ्या, तोफेच्या गाड्याचा सांगाडा, घोड्याचा साज बिनचूक असतो. ती नजर तोफखान्यातली आहे. बारा पौंडी तोफ गाड्यासकट दोन टनांच्या घरात जायची. घोड्यांना बर्फावर पकड येईल असे नाल नव्हते, साधे गुळगुळीत होते. बर्फाळ चढावर घोडा घसरून पडला की उठत नसे, आणि घोडा गेला की तोफ सोडावी लागे. ज्याचं अख्खं काम तोफा पुढे नेण्याचं, त्याने एकेक तोफ मागे राहताना पाहिली. त्या चाकांकडे पाहताना हे ध्यानात ठेवा.

आणि त्या शेकोटीपाशी बसलेल्यांविषयी. तंबू नव्हते. वाटेवरच्या झोपड्या फौज जातानाच जळल्या-मोडल्या होत्या आणि परत फिरायचं ते त्याच रस्त्याने. रात्री विस्तवाकडचं अंग शेकायचं, पाठ गोठायची. थकून डोळा लागला की विस्तव आणि माणूस सोबतच विझायचे. सकाळी चालू शकणारे उठून निघून जात.

एक प्रसंग मात्र न सांगता पुढे जाववत नाही. १८ ऑगस्ट, स्मोलेन्स्क. मध्ये नीपर नदी. पलीकडच्या काठावरच्या बागांमध्ये रशियन नेमबाज लपलेले. त्यातला एक थेट समोर, पाण्यालगतच्या वाळुंजाच्या झाडांआड. इकडून अनेकांनी मिळून गोळ्या झाडल्या, तो हटेना. शेवटी एक तोफ खास त्याच्यावर रोखली. झाडं फुटून पडली, तरी तो झाडतच राहिला. अंधार पडला तेव्हा कुठे त्याची बंदूक थांबली. दुसऱ्या दिवशी नदी ओलांडल्यावर हे लोक कुतूहलाने तिथे गेले. फांद्यांच्या ढिगात तो पालथा पडला होता, तोफगोळ्याने मेलेला, जेगर, म्हणजे हलक्या पायदळाच्या, पलटणीतला हवालदाराच्या दर्जाचा एक शिपाई. शत्रूच्या बाजूचा, नाव माहीत नसलेला. फाबेर द्यू फोरच्या संग्रहात या माणसाची आठवण आदराने नोंदलेली आहे. माझ्या मनात या चित्रकाराची जागा पक्की झाली ती या नोंदीमुळे.

प्रश्न : अल्ब्रेख्त आडाम हाही याच मोहिमेचा चित्रकार ना? मग दोघांत सरस कोण?

उत्तर : आडाम (१७८६–१८६२) बव्हेरियाचा, पेशाने चित्रकार. नेपोलियनचा सावत्र मुलगा ओजेन याच्या पदरी चित्रं काढायलाच तो मोहिमेवर गेला होता. हात त्याचा निःसंशय अधिक तयार. घोडे तर अप्रतिम. पण मॉस्कोत पोहोचल्यावर थोड्याच दिवसांत, सप्टेंबरमध्ये, तो मायदेशी निघाला. फौजेची मॉस्कोतून माघार १९ ऑक्टोबरला सुरू झाली. बेरेझिना नदीवरचे पूल, स्मोलेन्स्कचा दुसरा मुक्काम, डिसेंबरमधली लिथुआनियाची वाट यातलं काहीच त्याने पाहिलं नाही. कसब पाहायचं असेल तर आडाम. साक्ष हवी असेल तर फाबेर द्यू फोर. त्याला मधूनच मायदेशी निघून जाण्याची मुभा नव्हती.

प्रश्न : पुढे त्याचं काय झालं? मूळ चित्रं कुठे पाहायला मिळतील?

उत्तर : नोकरी त्याने सोडली नाही. व्युर्टेम्बर्गच्या सैन्यात मेजर जनरलच्या हुद्द्यापर्यंत पोहोचला आणि १८५७ मध्ये स्टुटगार्टमध्येच वारला. मूळ जलरंगचित्रं इंगोलश्टाटच्या बव्हेरियन लष्करी संग्रहालयात आहेत. मुलगा ओटो (१८२८–१९०१) हाही आधी सैन्यात होता. पुढे वर्दी उतरवून म्युनिकमध्ये पूर्णवेळ चित्रकार झाला आणि त्याने १८७० च्या फ्रान्सविरुद्धच्या युद्धाची चित्रं काढली. नातू हान्सही चित्रकारच. ओटोचे कॅनव्हास मोठे, रंग मोकळे. बापलेकांची चित्रं शेजारी ठेवून पाहिलीत तर आधी चाकं पाहा.