तरुण संघाची जबाबदारी नव्याने घेणाऱ्यास

सांगलीतील आपल्या ख्रिस्ती मंडळीच्या (चर्चच्या) तरुण संघाचे काम तुम्ही यंदा स्वीकारले आहे, म्हणून तरुण मंडळीपासून का दुरावतात याविषयी अनुभवाचे थोडे सांगतो. बारावीनंतर मुले शिक्षणासाठी वा नोकरीसाठी पुण्याला जातात, तेथे रविवार हा झोपेचा किंवा जादा पाळीचा दिवस होतो, आणि ज्यांना आपण बाप्तिस्म्यापासून नावाने ओळखत आलो त्यांची साधी चौकशीही आपण करीत नाही. त्यामुळे त्यांनी मंडळी सोडली असे म्हणण्याआधी आपणच त्यांना सोडले का, हे तपासावे.

दुसरे कारण अधिक खोल आहे. विज्ञान, जात किंवा आंतरधर्मीय विवाह यांविषयी कोणी प्रश्न विचारला की आम्ही वडीलधारे त्याला उद्धट ठरवीत असू, आणि याचे मला आजही दुःख होते. उत्तर ठाऊक नसेल तर तसे सांगा, परंतु प्रश्न पूर्ण ऐका.

उपासनेत गिटार आणल्याने मुले परततात, असे मला वाटत नाही. २०१९ च्या महापुरात कृष्णेचे पाणी शहरात शिरले, तेव्हा कित्येक वर्षे उपासनेला न आलेले तरुण अन्नाची पाकिटे बांधण्यासाठी स्वतःहून आले. त्यांपैकी ज्यांच्याकडे आम्ही पुढे हिशेब किंवा शब्बाथ शाळेचा (मुलांच्या रविवारच्या धर्मशिक्षणाचा) वर्ग सोपवला ते टिकले. ज्यांचे केवळ आभार मानले ते पुन्हा दिसले नाहीत.

नाताळला घरी आलेल्या मुलाला ‘इतके दिवस कोठे होतास?’ असे विचारू नका. त्याला शेजारी बसवा, गीतपुस्तक पुढे करा आणि तो पुण्याला परतण्यापूर्वी एकदा त्याच्या घरी जाऊन या.