येशू झालाच नाही असं सांगणाऱ्या डॉक्युमेंटरीवर लोक इतके का भांडतात? तिच्यात तथ्य किती?

तथ्य थोडं, आव मोठा. ठाण्यात चरईतल्या मित्राकडे आम्ही अशीच एक पाहिली. नास्तिक मंडळी टाळ्या पिटत होती. तळावपाळीजवळच्या सेंट जॉन चर्चला जाणाऱ्या ईस्ट इंडियन काकूंनी एवढंच विचारलं, "मग पौल कोणाच्या भावाला भेटला रे?"

घोडं अडतं ते तिथेच. प्रभूचा, म्हणजे येशूचा, भाऊ याकोब याला आपण भेटलो, असं ख्रिस्ती धर्माचा सुरुवातीचा प्रचारक पौल गलतीकरांना धाडलेल्या पत्रात स्वतः लिहितो. ते पत्र साधारण इ.स. 50च्या दशकातलं. पुढे 116च्या सुमारास रोमन इतिहासकार टॅसिटस, ज्याला ख्रिस्ती लोक डोळ्यांसमोर नको असत, तोही रोमन सुभेदार पिलाताच्या काळात ख्रिस्ताला मृत्युदंड झाल्याचं नोंदवतो. पहिल्या शतकातला ज्यू इतिहासकार जोसेफस याच्या येशूविषयीच्या मजकुरात मागाहून भर पडली, हा आक्षेप मात्र रास्त आहे. तरी बहुतेक अभ्यासक अख्खा उतारा बनावट मानत नाहीत. बायबलचे अमेरिकन अभ्यासक बार्ट अर्मन तर स्वतः अश्रद्ध, पण येशू होऊन गेला यावर ठाम.

भांडण पेटतं कारण 'माणूस होता का' आणि 'मेलेला उठला का' हे दोन प्रश्न एकत्र कालवले जातात. दुसरा श्रद्धेचा, त्यात मी पडत नाही. पहिल्यासाठी पौलाचं तेच 'गलतीकरांस पत्र' वाचा, सहाच अध्याय आहेत. याकोबाचा उल्लेख पहिल्यातच सापडेल.